दोर ओढण्याआधी

अंधेरीला पोस्टिंग आलं तेव्हा घरचे खूश झाले, मी नाही.

मी आर्मी ऑर्डनन्स कोअरची अधिकारी, तेव्हा मेजर होते. दारूगोळा सांभाळणं, बिघडलेला दारूगोळा नष्ट करणं आणि कुणी हाताने बनवून ठेवलेले बॉम्ब निकामी करणं हे माझं काम. त्याआधी जम्मू, तेजपूर आणि राजस्थानातला एक डेपो अशी पोस्टिंग झाली होती. आता डेप्युटेशनवर अंधेरी पूर्वेला, दहशतवादविरोधी कामासाठी नेमलेल्या एका तुकडीत. माझं माहेर घाटकोपरला. वडील गिरणीत होते, मूळ गाव कणकवलीकडचं. आईने पोस्टिंगची बातमी ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे आता दुपारी जेवायला घरी येशील."

"आई, ड्यूटी आहे ती."

"मेट्रोनं वीस मिनिटं, गं. ड्यूटीवाले जेवत नाहीत का?"

मी आता निवृत्त आहे आणि मुलुंडला राहते. सोसायटीतल्या लोकांना सैन्यातल्या आठवणी हव्या असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर बर्फ आणि तारेचं कुंपण असतं. मी त्यांना चारकोपची गोष्ट सांगते. माझ्या नोकरीतला सर्वांत अवघड दिवस मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काढला. त्या दिवशी माझा माणूस जिवंत परत आला तो शेजारच्या देशाच्या एका अधिकाऱ्यामुळे. ते नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

आधी तो अधिकारी आमच्याकडे कसा आला ते सांगते.

दोन देशांची सरकारं दहशतवादावर बोलायला बसतात, तेव्हा वर्तमानपत्रात हस्तांदोलनाचा फोटो येतो. खाली एक ओळ असते: सहकार्य वाढवण्यावर एकमत. मीही ती ओळ वाचून पान उलटायचे. भारत आणि नेपाळ यांच्या अशाच एका बैठकीत ठरलं की बॉम्ब निकामी करणारे अधिकारी एकमेकांकडे काही महिने पाठवायचे. आमचा एक काठमांडूला गेला. त्यांचा एक आमच्याकडे आला. मेजर भूपेन बस्नेत, नेपाळी सेनेचे इंजिनियर. वय पस्तिशीचं, बुटका, शांत, चहात साखर तीन चमचे.

त्यांच्याबरोबर दिल्लीहून अटी आल्या. बस्नेत वर्गात बसू शकतात. मंजूर यादीतली उपकरणं पाहू शकतात. सरावात भाग घेऊ शकतात. खऱ्या कामगिरीवर आतल्या घेऱ्यात यायचं नाही, चालू प्रकरणाचा फोटो किंवा कागद पाहायचा नाही, वायरलेसवर बोलायचं नाही. अटींवर माझी सही होती आणि त्यांचीही.

माझ्या तुकडीचा हवालदार रमाकांत घाडी. तोही आमच्याच बाजूचा, मालवणी. त्याने अटी ऐकल्या आणि हसला.

"मॅडम, म्हणजे व्याह्यांकडचो माणूस. पंगतीत बसवचो, पण कोठीच्या खोलीत न्हेवचो नाय."

"घाडी, मराठीत बोला."

"ह्या मराठीच आसा, मॅडम."

बस्नेतना मी त्याचं बोलणं हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण व्याह्यांना जेवण तरी चांगलं देतात. तुमच्या मेसची डाळ फार पातळ आहे." आमचं बोलणं हिंदीतच व्हायचं. इथे मी मराठीत लिहिते आहे.

पुढच्या रविवारी घाडी त्यांना वर्सोव्याला मासे घ्यायला घेऊन गेला. बस्नेतनी समुद्र इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. ते बोटींकडे बघत उभे राहिले, तर टोपली घेऊन बसलेली कोळीण ओरडली, "ए भावा, नुसता बघतोस काय? पापलेट पण तुझ्याकडं बघून कंटाळला!" त्यांना काही कळलं नाही. त्यांनी हात जोडले. तिने दोन बोंबील जास्त टाकले. घाडी मला म्हणाला, "माका पंचवीस वर्षांत कोणी एक बोंबील फुकट दिल्यान नाय."

ड्यूटीच्या बाहेर ते मला दिदी म्हणायला लागले. ड्यूटीवर मॅम.

रोजचं काम कंटाळवाणं असतं, ते तसंच असायला हवं. सकाळी सहाला पी.टी., मग उपकरणांची तपासणी, मग सराव. आमच्या सरावातलं एक काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. संशयास्पद वस्तू कधी हाताने उचलायची नाही. एका माणसाने बॉम्ब सूट घालून जायचं, वस्तूला लांब दोराचा हुक अडकवायचा, दोर सोडत मागे यायचं, जवळच्या मजबूत आडोशामागे बसायचं आणि तिथून दोर ओढायचा. वस्तू हलल्यावर काही व्हायचं असेल तर ते तिथे होईल, माणूस आडोशामागे असेल. मी हे पुण्याजवळच्या एका लष्करी स्कूलमध्ये शिकले. घाडी तिथेच शिकला. बस्नेतही काही वर्षांपूर्वी त्याच स्कूलमध्ये कोर्सला होते. आम्हा तिघांना एकाच सुभेदार मेजरने शिव्या घातल्या होत्या. तिघांचा हुक लावायचा हात एक, आडोसा निवडायची नजर एक. मला त्याचा अभिमान वाटायचा.

ऑक्टोबरातला दिवस होता. साडेदहाच्या सुमारास फोन आला. काठमांडूमध्ये पकडलेल्या एका माणसाने आदल्या संध्याकाळी चारकोपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटचं नाव सांगितलं होतं. गाळ्याचा नंबरही सांगितला होता. ही माहिती रात्रीत तिथून दिल्लीला आणि सकाळी दिल्लीहून मुंबईला आली. अशा माहितीला पूर्वी आठवडा लागायचा. पोलिसांनी गाळा उघडला, आत एक खोका दिसला आणि त्यांनी माणसं बाहेर काढून आम्हाला बोलावलं.

बस्नेत तेव्हा आमच्या ट्रकमध्येच होते, सरावाला निघालेले. त्यांना उतरवून ठेवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही बाहेरच्या घेऱ्यापर्यंत. त्याच्या पुढे नाही."

"येस मॅम."

आम्ही सव्वाअकराला पोहोचलो. इस्टेट म्हणजे एका मोकळ्या आवाराभोवती तीन बाजूंनी दुमजली गाळे. खोटे दागिने, पॅकिंगचे खोके, शाळेचे गणवेश. रस्त्याच्या पलीकडे सेक्टरमधल्या इमारती. पोलिसांनी सगळे गाळे रिकामे केले होते. चारशे-पाचशे माणसं रस्त्यावर उभी होती, जास्त करून बायका. एकीने मला युनिफॉर्ममध्ये पाहिलं आणि हात धरला.

"ताई, किती वेळ लागेल? माझा डबा आत राहिलाय."

"डबा विसरा आज."

"विसरते. पण खरं सांगा ना, काही होणार नाही ना?"

मी हात सोडवून पुढे गेले. खोटं बोलायची मला सवय नाही आणि खरं मला माहीत नव्हतं.

पोलीस इन्स्पेक्टर मोहिते घामाने भिजले होते. "मॅडम, सेक्टर पण खाली करायला सांगितलाय. पण पब्लिक ऐकत नाय. गॅलरीत उभं राहून मोबाइल काढून बसलेत. काही झालं तर वाट लागेल."

"गॅलरीतून आत घाला त्यांना. काचांपासून लांब."

बाहेरच्या घेऱ्यावर वैशाली नावाची एक तरुण कॉन्स्टेबल होती. तिला मी बस्नेत दाखवले. "हे नेपाळच्या सैन्याचे अधिकारी. आपले पाहुणे आहेत. इथेच थांबतील."

"आत सोडायचं नाय ना?"

"नाही."

मी कमांड पोस्ट गल्लीच्या तोंडाशी, ट्रकच्या मागे केली. आमच्याकडे छोटा रोबो होता, पण गाळ्यापुढे सामान चढवायचा उंच ओटा होता. रोबो त्यावर चढेना. घाडी सूट चढवायला लागला. तो सूट पस्तीसेक किलोचा. आत माणूस शिजतो. बॉम्बच्या जवळ वायरलेस चालवत नाहीत, म्हणून सूटमधून एक तार माझ्यापर्यंत येते. तिच्यावरच बोलणं.

तो भिंतीच्या कडेकडेने गेला, ओट्यावर चढला, आत गेला, कॅमेऱ्याने फोटो काढले आणि परत आला. फोटो मी पाहिले. रिकामा गाळा. मधोमध पुठ्ठ्याचा खोका, दोन वायरी बाहेर आलेल्या. खोक्याला नायलॉनच्या दोरीची कडी, दाराकडे तोंड करून.

घाडीने हेल्मेटची काच वर केली. "मॅडम, सोप्पा काम. हुक लावूक कडी पण ठेवल्यानी हा."

"आडोसा?"

"समोर टाकी आसा. सरळ रेषेत."

आवाराच्या दुसऱ्या टोकाला सिमेंटची पाण्याची टाकी होती, पुरुषभर उंच. गाळ्याच्या दारातून सरळ ओढ मिळत होती. मीही तीच निवडली असती. स्कूलमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात तसाच आडोसा.

"जा," मी म्हटलं.

तो पुन्हा आत गेला. हुक लावला. "हुक लागला," तारेवर आवाज आला. मग तो दोर सोडत, खोक्याकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे घेत आवारात आला. टाकीकडे.

तेवढ्यात वैशाली धावत माझ्याकडे आली. तिने जागा सोडून यायला नको होतं. आजही मी तिची आभारी आहे.

"मॅडम, ते नेपाळचे साहेब ओरडतायत. म्हणतात टाकीमागे कोणी जायचं नाय. मला हाताला धरून हलवलं त्यांनी. म्हणतात, जा, सांग, आत्ताच्या आत्ता सांग."

मी तारेवर बोलले. "घाडी, थांबा."

"थांबलंय."

"टाकी किती लांब?"

"आठ-दहा पावलां."

"एकही पाऊल मागे नाही. पुढे नाही. दोर तसाच धरा, ताणू नका."

"काय झालां, मॅडम?"

"सांगते."

ट्रकच्या मागून मला बस्नेत दिसत होते. ते घेऱ्याच्या दोरीला पोट टेकून उभे होते. त्यांनी दोरी ओलांडली नव्हती. मी धावत त्यांच्यापर्यंत गेले.

"काय पाहिलंत?"

"तुमचा माणूस दोर घेऊन टाकीकडे जाताना पाहिला. मॅम, एकच विचारतो. खोका लपवलेला आहे की समोर ठेवलाय? हुक लावायला काही सोय आहे?"

ते प्रकरणाबद्दल विचारत होते. उत्तर देणं म्हणजे अट मोडणं. 

"फोटो पाहिल्याशिवाय मी खात्रीने सांगणार नाही," ते म्हणाले. "आणि खात्री नसताना तुमच्या माणसाला हलवू नका."

मी माझ्या सी.ओ.ना फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"सर, बस्नेतना फोटो दाखवायचाय."

"अटी माहीत आहेत ना?"

"म्हणूनच फोन केला, सर."

"तुझा माणूस कुठे आहे?"

"मधे. उघड्यावर. हलू शकत नाही."

"लाइनवर राहा."

मी घड्याळ पाहिलं नाही. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि घाडी त्या सूटमध्ये उभा होता. तारेवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मी परत ट्रकपाशी आले होते, एका कानाला फोन, दुसऱ्याला तार.

"घाडी, कसं आहे?"

"बरां आसा. मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"जेवणाची सुट्टी ह्येच्यात धरतले काय?"

"धरणार नाही."

"माका ठाऊक होतां."

त्याला दोन मुली आहेत. मोठी तेव्हा दहावीला होती. 

फोनवर दुसरा आवाज आला. दिल्लीतले एक अधिकारी, परराष्ट्र खात्याच्या त्या करारावर काम करणारे. आवाज वयस्क, घाई नसलेला.

"काय दाखवायचं आहे तुम्हाला?"

"एक फोटो, सर."

"एकच?"

"एकच."

"दाखवा. करारात तरतूद आहे. जिवाला धोका असेल तर तोंडी परवानगी, कागद नंतर. माझं नाव लिहून घ्या, कागद मी पाठवतो. आता फोन ठेवा आणि कामाला लागा."

सरकारी माणसांबद्दल आपण सगळेच बोलतो. मीही बोललेली आहे. पण कुठल्या तरी थंड खोलीत बसून या माणसाने ते एक वाक्य करारात घालून घेतलं होतं. नंतर मला कळलं की त्या वाक्यावर दोन्ही बाजूंनी बरीच घासाघीस झाली होती, आणि काठमांडूत त्याच्यासारखाच एक जण ते वाक्य राहावं म्हणून अडून बसला होता. दोघांपैकी एकालाही मी भेटले नाही. दोघांचेही माझ्यावर उपकार आहेत.

मी वैशालीला हात केला. तिने घेऱ्याची दोरी उचलली आणि बस्नेत खालून आले. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा दोन्ही हातांनी सावलीत धरला. बराच वेळ पाहिला असं मला वाटलं. तेवढा तो नसणार.

"हा खोका आमिष आहे," ते म्हणाले. "लोकांना मारायला ठेवलेला नाही, तुमच्या-माझ्यासाठी ठेवलाय. कडी आपल्यासाठी बांधली आहे. दोर ओढला की इथे काही होणार नाही. टाकीमागे होईल, जिथे ओढणारा बसलेला असेल तिथे."

"नक्की?"

"पद्धत नक्की, मी पाहिली आहे. ठेवणारा हात तोच आहे का, माहीत नाही."

"त्याला बाहेर कसा काढू?"

"ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने. आजूबाजूच्या जमिनीबद्दल मला माहीत नाही, त्याच्या पावलांखालची तपासलेली आहे."

घाडी ज्या वाटेने गेला होता ती भिंतीच्या कडेने गाळ्याच्या दारापर्यंत जात होती. त्या वाटेवर यायचं तर त्याला आधी पुन्हा गाळ्याकडे, खोक्याकडे चालत जावं लागणार होतं. दारापासून दोन हातांवर वळायचं आणि मग भिंतीच्या कडेने बाहेर. माझ्याकडे ते तपासायला यंत्र नव्हतं, दुसरा पुरावा नव्हता. शेजारच्या सैन्यातल्या एका माणसाचा शब्द होता, आणि त्या शब्दावर मी माझ्या हवालदाराला बॉम्बच्या दिशेने चालायला सांगणार होते.

"घाडी, ऐका. दोर हळूच जमिनीवर ठेवा. सोडायचा नाही. ठेवायचा."

काही सेकंद गेले. "ठेवलंय."

"आता गाळ्याकडे चालायचं. आपल्याच पावलांवर. दारापाशी वळायचं आणि भिंतीच्या कडेने माझ्याकडे यायचं. दोराला पाय लागता कामा नये."

 आमच्या एकत्र नोकरीत घाडीने मला एकदाच उलटा प्रश्न विचारला. तो हा.

"मॅडम, खोक्याकडे जा म्हणून कोण सांगता?"

"बस्नेत साहेब."

"साहेब आत इले?"

"आत आलेत. फोटो पाहिलाय त्यांनी. माझ्या शेजारी उभे आहेत."

"मग येतंय."

तो चालायला लागला. सूटमध्ये माणूस अस्वलासारखा चालतो. बस्नेत माझ्या शेजारी काहीतरी पुटपुटत होते, नेपाळीत. मला वाटलं प्रार्थना. नंतर विचारलं तर म्हणाले, नाही, त्याची पावलं मोजत होतो. घाडी दारापाशी पोहोचला, वळला, भिंतीला खांदा घासत आला आणि ट्रकच्या मागे येऊन बसला. दोघांनी त्याचं हेल्मेट काढलं. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. कोणीतरी पाणी दिलं. त्याने आधी बाटली डोक्यावर ओतली आणि मग बस्नेतकडे पाहिलं.

"साहेब, मेसची डाळ आता पातळ कशी राहते ते मी स्वतः बघतो," तो हिंदीत म्हणाला.

बस्नेत हसले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

टाकीमागे रिकाम्या गोण्यांचा ढीग होता. त्याखाली ते होतं. पोलिसांची बॉम्ब तुकडी आणि आम्ही मिळून ते आणि खोका निकामी करेपर्यंत संध्याकाळ झाली. कसं केलं ते लिहिणार नाही. कोणी जखमी झालं नाही. अंधार पडायच्या आत बायका आपापल्या गाळ्यांत गेल्या. डबा राहिलेली बाई मला शोधत आली आणि डब्यातल्या दोन पोळ्या माझ्या हातावर ठेवून गेली. सकाळच्या पोळ्या, कडक झालेल्या. मी उभ्याउभ्या खाल्ल्या. ज्याने ते ठेवलं होतं तो पुढे सापडला. तो कुठल्या देशाचा याबद्दल दोन्हीकडच्या कागदांत वेगवेगळं लिहिलेलं आहे. त्याने फरक पडत नाही.

परतताना ट्रकमध्ये मी बस्नेतना विचारलं, "हे तुम्हाला कसं माहीत?"

 ते म्हणाले, "दिदी, तुमच्याकडे जशी यादी होती, तशी मलाही होती. काय बोलायचं नाही याची. पण आज ती अर्धी मोडलीच आहे."

दोन वर्षांपूर्वी तराईतल्या एका पुलावर असाच खोका ठेवला होता. कडी बांधलेला. त्यांच्या तुकडीतल्या हुद्दा टेकराज घर्तीने हुक लावला. हुद्दा म्हणजे आपल्याकडचा हवालदार. पुलाच्या टोकाला दगडी भिंत होती. सरळ ओढ, मजबूत आडोसा. घर्ती त्याच स्कूलमध्ये शिकलेला, बस्नेतच्याच कोर्सला. त्याने भिंत निवडली. कोणीही निवडली असती. दोर धरायला सिपाही लोकेंद्र रावल त्याच्याबरोबर बसला. त्यांनी दोर ओढला. पुलाला ओरखडाही आला नाही.

"ठेवणाऱ्याने आमचा सराव पाहिला होता," बस्नेत म्हणाले. "आपण सगळे एकाच गुरूचे चेले. एकाची सवय कळली की सगळ्यांची कळते. त्यानंतर आम्ही दोर ओढण्याआधी आडोसा तपासतो. आधी आडोसा, मग वस्तू. अहवाल लिहिला. तुमच्या सरकारला द्यायचंही ठरलं. तो दोन मंत्रालयांतून फिरत होता."

"आमच्यापर्यंत आला नाही."

"येईल. मी आधी आलो, इतकंच."

घाडी समोरच्या बाकावर बसला होता. आम्हाला वाटलं तो झोपलाय. डोळे मिटूनच त्याने विचारलं, "त्या दोघांची नावां परत सांगा, साहेब."

बस्नेतनी सांगितली.

महिनाभरात तो अहवाल आला. दिल्लीतला कागदही आला, तारीख मागची, सही त्याच माणसाची. बस्नेतना त्यांच्या वकिलातीने बोलावून घेतलं. परत आले तेव्हा मी विचारलं, "ओरडले का?" ते म्हणाले, "चहा दिला. साखर कमी होती." वर्षअखेरीला ते मायदेशी गेले. त्यांच्या जागी दुसरा आला, आमचाही दुसरा तिकडे गेला. ही देवाणघेवाण आजही चालू आहे आणि वर्तमानपत्रात तिची अजून एकच ओळ येते. मी आता पान उलटत नाही.

आम्ही सराव बदलला. आडोसा तपासण्याची नवी पायरी घातली. मी कागदावर तिला लांबलचक इंग्रजी नाव दिलं, जसं लष्करात देतात. ते नाव कोणी वापरत नाही. चारकोपनंतरच्या पहिल्याच सरावात घाडी दोराजवळ उभा राहिला आणि जवानाला म्हणाला, "घर्ती केलंस?" तेव्हापासून त्या पायरीचं नाव घर्ती. आमच्याकडून शिकून गेलेल्या तुकड्यांनी ते पुढे नेलं. आता जिथे जिथे हे काम चालतं तिथे घर्ती करतात. आमच्या सैन्याच्या कुठल्याही स्मारकावर त्या माणसाचं नाव नाही. तो आमचा नव्हता.

गेल्या वर्षी मला एका प्रशिक्षण वर्गाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. घाडी आता सुभेदार आहे, तिथे शिकवतो. केस पांढरे झालेत, आवाज तसाच. विशीतली पोरं रांगेत उभी होती. त्यातली एक मुलगी, साताऱ्याकडची, सूट घालून पुढे आली. हुक लावून झाला होता. तिने दोर उचलायला हात खाली नेला.

"घर्ती झालं?" घाडीने विचारलं.

"झालं, सर. आडोसा पूर्ण तपासला."

"घर्ती म्हणजे काय?"

ती सरळ उभी राहिली. "हुद्दा टेकराज घर्ती, नेपाळी सेना, सर. पुलावर दोर ओढताना वीरमरण."

"एकटाच होता?"

ती अडखळली.   उन्हात सगळे उभे होते आणि घाडीला कसलीच घाई नव्हती.

"नाही, सर," ती म्हणाली. "सिपाही लोकेंद्र रावल. दोर धरायला बसला होता."

"आता ओढ," घाडी म्हणाला.